दोन पौंडांचा हिशेब

१९३५ साली लंडनच्या मेफेअर हॉटेलात विल्यम लायन्स यांनी विक्रेत्यांना जेवायला बोलावले. नव्या ‘जॅग्वार’वरचा पडदा सरकला आणि पाहुण्यांना किंमत ओळखायला सांगितले गेले. अंदाजांची सरासरी निघाली ६३२ पौंड. खरी किंमत होती त्याहून कितीतरी कमी!

लायन्स ब्लॅकपूलचे; वडिलांचा वाद्यविक्रीचा व्यवसाय. १९२२ मध्ये विल्यम वॉल्म्सली यांच्या भागीदारीत त्यांनी मोटारसायकलच्या साइडकारचा धंदा काढला, तो १,००० पौंडांच्या ओव्हरड्राफ्टवर. जामीन दोघांचे वडील. बँकेत कर्जाच्या फायली चाळण्यात माझी उमेद गेली. बाप जामीन असला की पोरगा पै-पैचा हिशेब ठेवतो, असा माझा अनुभव. १९३१ ची त्यांची ‘एसएस वन’ ३१० पौंडांची. दिसायला हजाराची, वेगाला मात्र बेताची! लोक हसले, पण घेत राहिले.

महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनला डॉलर हवे होते. जो निर्यात करील त्याला पोलाद, असा सरकारी खाक्या. १९४८ च्या लंडनमधील प्रदर्शनात लायन्स यांनी ‘एक्सके १२०’ ही स्पोर्ट्स कार मांडली. मूळ किंमत ९९८ पौंड. आपल्याला बाटाची किंमत आठवते ना? पण इथे नुसती नजरबंदी नव्हती. हजारावर गेलेल्या गाडीला खरेदीकर दुप्पट होता. म्हणजे दोन-तीन पौंड जास्त लावले असते, तर गिऱ्हाइकाला मोठा भुर्दंड! शिवाय इंजिन घडवले होते मोठ्या घरगुती गाडीसाठी. तेच इथे बसवल्याने खर्च वाटला गेला. थोड्याच गाड्या काढायचा बेत होता, निघाल्या बारा हजारांवर. बहुतेक परदेशी गेल्या, मुख्यतः अमेरिकेत.

१९६१ मध्ये जिनिव्हात ‘ई-टाइप’ आली. करासह सुमारे २,१०० पौंड, ऍस्टन मार्टिनच्या जवळपास निम्म्यात. मागणी पुरवता पुरवता कारखान्याच्या नाकी नऊ आले.

इतका पक्का हिशेब, पण घरचा हिशेब चुकला. एकुलता मुलगा जॉन १९५५ मध्ये ल माँच्या शर्यतीला जाताना फ्रान्समध्ये मोटार अपघातात गेला. पुढच्याच वर्षी वडिलांना ‘सर’ किताब मिळाला. वारस उरला नव्हता. १९६६ मध्ये लायन्स यांनी कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन केली, १९७२ मध्ये निवृत्त झाले आणि १९८५ च्या फेब्रुवारीत वॉपेनबरीच्या आपल्या घरी त्यांनी डोळे मिटले.