सेझार फ्रांक : ऑर्गनपीठावरील आचार्य

मराठी रसिकाला ऑर्गन परिचित आहे तो संगीत रंगभूमीमुळे. बालगंधर्वांच्या गायनाला साथ करणारे ते वाद्य धातूच्या स्वरपत्त्यांचे होते. युरोपातील मोठ्या चर्चमधील ऑर्गन मात्र नळ्यांचा. शेकडो लहानमोठ्या नळ्यांतून वारा सोडून तो बोलका करावा लागतो. या वाद्यापाशी बसून ज्यांनी आपले निम्मे आयुष्य वेचले आणि फ्रेंच संगीताला एक संपूर्ण शिष्यपरंपरा दिली, ते सेझार फ्रांक.

त्यांचा जन्म 10 डिसेंबर 1822 रोजी आजच्या बेल्जियममधील लिएज येथे झाला. मुलाच्या बोटांत कला आहे, हे वडिलांनी लवकर ओळखले. पण त्या कलेकडे त्यांनी पाहिले ते द्रव्यार्जनाचे साधन म्हणून. वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीच मुलाचे पियानोवादनाचे कार्यक्रम सुरू झाले. 1835 मध्ये कुटुंब पॅरिसला आले आणि 1837 मध्ये सेझारला तेथील विख्यात संगीतविद्यालयात, कॉन्झर्व्हातवारमध्ये, प्रवेश मिळाला. तेथे तो पारितोषिके मिळवीत होता. तथापि 1842 मध्ये शिक्षण अर्धवट सोडवून वडिलांनी त्याला पुन्हा मैफलींच्या फेऱ्यात ओढले.

या जाचातून सुटका झाली ती विवाहामुळे. फेलिसिते देमूसो ही त्यांची शिष्या, नटांच्या घराण्यातील. तिला अर्पण केलेली एक रचना वडिलांनी फाडून टाकली, तेव्हा मुलाने तीच रचना स्मरणाने पुन्हा लिहून काढली आणि पुढे पितृगृहच सोडले. 22 फेब्रुवारी 1848 रोजी विवाह झाला. त्याच दिवशी पॅरिसमध्ये क्रांतीचा भडका उडाला होता, आणि वधूवरांना रस्त्यातील अडथळे ओलांडून चर्च गाठावे लागले.

यापुढील आयुष्य कष्टाचे होते. सकाळी दोन तास स्वतःच्या रचनेसाठी राखून ठेवायचे आणि उरलेला दिवस घरोघरी शिकवण्या करीत हिंडायचे, हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. 1858 मध्ये सेंत क्लोतिल्द या नव्या चर्चमध्ये त्यांची नेमणूक झाली. तेथील ऑर्गन कावाये-कोल या श्रेष्ठ कारागिराने घडविला होता. हातांनी वाजवावयाच्या पट्ट्यांच्या तीन ओळी, पायांनी दाबावयाची निराळी ओळ, आणि निरनिराळे ध्वनिवर्ण खुले करणारे 46 स्टॉप, असा त्याचा विस्तार होता. डिसेंबर 1859 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पायांचा सराव कमी पडू नये म्हणून चाळिशीकडे झुकलेल्या फ्रांक यांनी घरी पायपट्ट्यांची स्वतंत्र जोडणी आणवली. या वाद्याची सेवा त्यांनी अखेरपर्यंत केली. उपासनेनंतर ते तत्क्षणी जे वाजवीत, ते ऐकण्यासाठी जाणकार मुद्दाम येत. 1866 मध्ये थोर पियानोवादक फ्रांझ लिस्ट तेथे येऊन तृप्त होऊन गेले.

1872 मध्ये कॉन्झर्व्हातवारने त्यांना ऑर्गनचे अध्यापक नेमले. वर्ग ऑर्गनचा होता खरा. परंतु तेथे शिकवली जाई ती रचनेची दृष्टी. दिलेल्या एखाद्या सुरावटीवरून जागच्या जागी रचना कशी उभारावी, हा त्या वर्गाचा गाभा होता. रचना शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना हे रुचले नाही. व्हँसां द'अँदी, शोसों, द्यूपार्क यांच्यासारखे तरुण मात्र त्यांच्याभोवती जमले. जवळजवळ अंध असलेल्या लुई व्हियेर्नलाही त्यांनी जवळ केले. हाच व्हियेर्न पुढे 1900 पासून नोत्र दाम या महामंदिराचा ऑर्गनवादक झाला. ज्याच्या बालपणावर दुसऱ्याची इच्छा लादली गेली, त्या गुरूने शिष्यांवर आपली शैली लादली नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. शिष्य त्यांना ‘पेर फ्रांक’, म्हणजे बाबा फ्रांक, म्हणत.

रचनाकार म्हणून मान्यता मात्र दूरच राहिली. ‘बेआतित्यूद’ या भव्य रचनेवर त्यांनी दहा वर्षे खर्च केली. 1879 मध्ये ती घरीच पियानोवर ऐकवली, तेव्हा निमंत्रित मान्यवरांपैकी बहुतेक फिरकलेच नाहीत. 1885 मध्ये सरकारी सन्मान मिळाला, तोही ऑर्गनचे अध्यापक म्हणून. 1889 मध्ये त्यांची सिंफनी सादर झाली, पण तिचे स्वागत थंडे झाले. अखेर एप्रिल 1890 मध्ये त्यांच्या तंतुवाद्य-चतुष्टकाला श्रोत्यांनी मनापासून दाद दिली. त्या वेळी त्यांचे वय 67 होते.

त्याच वर्षी रस्त्यावरील एका वाहनअपघातात त्यांना दुखापत झाली. तरीही ऑर्गनसाठी तीन ‘कोराल’ त्यांनी पूर्ण केले. हार्मोनियमसाठी लिहावयास घेतलेला ‘ल'ऑर्गानिस्त’ हा छोट्या रचनांचा संग्रह मात्र अपुरा राहिला. पॅरिसमध्येच 1842 साली पेटंट मिळालेले हे वाद्य पुढे बदलत्या रूपात आपल्या कीर्तनात आणि नाटकात रुळले, हा योगायोग मराठी वाचकाला सुखावणारा आहे. 8 नोव्हेंबर 1890 रोजी फ्रांक यांचे निधन झाले.

1894 मध्ये द'अँदी यांनी दोन सहकाऱ्यांसह ‘स्कोला कांतोरुम’ ही संस्था स्थापन केली आणि गुरूचा वारसा पुढे चालवला. 1904 मध्ये सेंत क्लोतिल्दसमोरील उद्यानात फ्रांक यांचे स्मारक उभे राहिले. संगीतरचनेसाठी त्यांना दिवसाकाठी जेमतेम दोन तास मिळत. उरलेला वेळ शिष्यांचा असे. त्यांची कीर्ती पुढे नेली ती मुख्यतः त्याच शिष्यांनी.