मंदिरपथगामिनी : गणपतराव म्हात्रे आणि शिल्पामागील स्त्री

गणपतराव काशिनाथ म्हात्रे यांची कीर्ती आजही त्यांच्या विद्यार्थिदशेतील एका कृतीशी निगडित आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकत असताना, १८९६ च्या सुमारास, त्यांनी नऊवारी नेसून पूजापात्र घेऊन मंदिराकडे निघालेल्या तरुणीची मानवी आकाराची मूर्ती प्लास्टरमध्ये घडविली. बॉम्बे आर्ट सोसायटीने तिला रौप्यपदक दिले.

कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टर-प्रतिकृती पाहून तयार होत असे. त्यामुळे या तरुणीत पाश्चात्त्य आदर्शाची छाया शोधणे सोपे आहे. परंतु तिचा काष्टा, अंगाला बिलगून पावलाच्या दिशेने वळणाऱ्या चुण्या आणि अनवाणी चालीतील संथपणा या गोष्टी त्या प्रतिकृतींतून शिकता येण्याजोग्या नव्हत्या. त्यांचे मूळ महाराष्ट्रीय घराच्या उंबरठ्यावरच शोधावे लागते.

मॉडेलचा प्रश्न त्या काळी युरोपातही गाजला होता. रोदँच्या 'ब्राँझयुग' या पुरुषमूर्तीवर १८७७ मध्ये ती जिवंत देहावरूनच साचा काढून केल्याचा आरोप झाला. ऑग्युस्त नेत या बेल्जियन सैनिकाचे छायाचित्र पुढे करून रोदँला त्याचे निरसन करावे लागले. त्या वादातून सैनिकाचे नाव कलेतिहासात राहिले. म्हात्र्यांची तरुणी मात्र नावाने नव्हे, तर गतीने ओळखली जाते. तिचे शीर्षकच तिचे चालणे आहे.

सर जॉर्ज बर्डवुड यांनी या शिल्पाचा मुक्तकंठाने गौरव केला. रवींद्रनाथ टागोरांनी १८९८ मध्ये त्यावर बंगालीत स्वतंत्र लेख लिहिला. एका मराठी विद्यार्थ्याच्या कृतीची बंगाली साहित्यिकाने अशी दखल घ्यावी, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासकारांच्या नजरेतून बव्हंशी निसटली आहे. पुढे हॅवेलप्रणीत पुनरुज्जीवनवाद्यांना ही यथार्थदर्शी शैलीच परकी वाटू लागली. वस्तुतः रीत परकी असली, तरी पाहणारा डोळा येथलाच होता.

व्यवसायात मात्र म्हात्र्यांच्या वाट्याला प्रामुख्याने राजे, अधिकारी व लोकनेते यांची स्मारकशिल्पे आली. मुंबईतील न्यायमूर्ती रानडे यांचा पुतळा त्यांचाच. रानडे १९०१ मध्येच निवर्तले होते. म्हणजे येथे नाव होते, पण समोर देह नव्हता. 'मंदिरपथगामिनी'ची स्थिती नेमकी उलटी. शासनाकडून रावबहादुर हा किताब मिळविलेले म्हात्रे १९४७ मध्ये निधन पावले. ती तरुणी त्यांच्या कलाशाळेच्या संग्रहात राहिली.