नगरपालिकेतले जोतिराव

महात्मा जोतिराव फुले म्हटलं की आपल्या घरातल्या लहान पोरालाही 1848 ची मुलींची शाळा आठवते. 1868 साली त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, 24 सप्टेंबर 1873 ला सत्यशोधक समाज स्थापन केला, हे आपण दर 11 एप्रिलच्या भाषणात ऐकतो. पण हेच जोतिराव 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ते भाषणात फारसे येत नाही. म्हणून येथे तेवढेच मांडतो.

ते निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. नेमलेला माणूस नेमणाऱ्याची मर्जी राखतो, ही जगाची रीत. जोतिरावांनी ती पाळली नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे होते. शहर सजवायला हजार रुपये खर्च करावे, असा विषय नगरपालिकेपुढे आला. 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ लोकांनी नुकताच सोसलेला. जोतिरावांनी सांगितले की हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा. 32 सभासदांत विरोधी मत एकच पडले, ते त्यांचे. ठराव पास झाला. पण एका माणसाने हात वर केला नाही, हे आज इतक्या वर्षांनंतरही लोक सांगतात. बाकीच्यांची नावे कोणाला पाठ आहेत?

1880 च्या जुलैत त्यांनी दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले. एकीकडे आरोग्यावर खर्च करायचा आणि दुसरीकडे गल्लोगल्ली दारू, हे त्यांना पटत नव्हते. आम्ही गिरणीत काम करणाऱ्यांनी पगाराच्या दिवशी काय होतं ते पाहिलं आहे, त्यामुळे हे पत्र मला फार जवळचं वाटतं.

मग मंडईचा विषय निघाला. मोठ्या खर्चाची इमारत. जोतिरावांचे म्हणणे, आधी शाळा. ते स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगड पुरवला होता. दगडाचा आणि चुन्याचा भाव त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी मंडई झाली. 1886 साली रे मार्केट या नावाने ती उघडली. पुढे पुण्याच्या नगरपालिकेनेच तिला महात्मा फुले यांचे नाव दिले!

1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी हा अनुभव वापरला असावा. मोठ्या शहरांतल्या प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, पण कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, देखरेख शिक्षण खात्याची असावी, असे त्यांनी मागितले. आत बसून पाहिलेला माणूसच असं बोलू शकतो.

28 नोव्हेंबर 1890 ला जोतिराव गेले. 1925 साली केशवराव जेधे यांनी त्याच नगरपालिकेत जोतिरावांच्या पुतळ्याचा विषय मांडला, त्याला कडाडून विरोध झाला. त्या धामधुमीत दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघाले आणि खटला होऊन जवळकर-जेधे मंडळींना शिक्षा झाली. अपिलात वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब, आणि 1926 साली सगळे सुटले. पुढच्याच वर्षी, 1927 ला, जोतिरावांचे मराठी चरित्र छापून निघाले ते पुण्यातून नव्हे, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीहून. लिहिले पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी.