विश्लेषण : बालवाडीच्या शिक्षिका घडवण्याचं शास्त्र ताराबाई मोडकांनी खेड्यात कसं नेलं?

बालवाडीत शिकवायला प्रशिक्षण कशाला हवं, मुलं तर फक्त सांभाळायची असतात, असा समज आजही अनेक घरांत आहे. शंभर वर्षांपूर्वी हा समज खोडून काढायला निघालेल्यांत पद्मभूषण ताराबाई मोडक यांचं नाव अग्रक्रमानं येतं.

प्राचार्यपद सोडून पुन्हा शिकायला का गेल्या?

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. 1914 मध्ये त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर अमरावतीत राहिल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि बार्टन स्त्री अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. त्या काळात एकट्या बाईसाठी ही केवढी सुरक्षित जागा होती! मात्र भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका माँटेसोरी पद्धतीचे प्रयोग करत होते. शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजची प्रमुख असूनही लहान मूल कसं शिकतं, हे समजून घेण्यासाठी ताराबाई नोकरी सोडून तिथे दाखल झाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. पुढे मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार उभारलं.

बोर्डीत काय बदललं?

शहरातली बालमंदिरं चालली, पण त्यांची साधनं महाग होती आणि मुलं सुखवस्तू घरांतली. 1945 मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. वय त्रेपन्न. अनुताई वाघ याच वेळी त्यांच्यासोबत आल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या.

इथे प्रशिक्षणाचा गाभाच बदलला. माँटेसोरीचं साधन मुलाला एका वेळी एकच फरक जाणवू देतं : लहान-मोठं, खडबडीत-गुळगुळीत, हलकं-जड. ते सुबक लाकडाचंच असावं, अशी त्या तत्त्वाची अट नाही. (इंजिनीअरिंगच्या भाषेत, स्पेसिफिकेशन तेच, मटेरियल वेगळं.) मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. साहित्य आसपासच शोधायचं, ते कशासाठी वापरायचं हे समजून घ्यायचं आणि मूल काय करतंय ते न टोकता पाहायचं, हे शिक्षिकेनं शिकायचं होतं. आंघोळ घालणं, केस विंचरणं हाही तिच्या कामाचाच भाग.

मुलं आलीच नाहीत तर?

वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती. भावंडं सांभाळणं, गुरं राखणं चुकत नव्हतं. तेव्हा शिक्षिकाच त्यांच्या अंगणात जाऊन बसली. ही अंगणबालवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. म्हणजे चार भिंती, ठरलेली वेळ आणि फळा यांच्याशिवाय शिकवू शकणारी बाई तयार करायची होती. माझ्या मते ताराबाईंचं सर्वांत अवघड काम हेच, कारण साधनं स्वस्तात करता येतात, पण शिकवणाऱ्याची नजर बदलायला वेळ लागतो.

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या जवळ गेलं. 1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचं निधन झालं. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं, अंगणवाडी.