घड्याळातल्या सेलचे आजोबा : जॉर्ज लेक्लांशे

गेल्या महिन्यात आपल्या वर्गातले घड्याळ बंद पडले. नवा सेल घालताना एका छोट्याने विचारले की यात काय भरलेले असते. आम्हां मोठ्यांपैकी कोणालाच नीट सांगता येईना! म्हणून ही माहिती.

जॉर्ज लेक्लांशे यांचा जन्म १८३९ साली फ्रान्समध्ये झाला. राजकारणापायी वडिलांना देश सोडावा लागला आणि मुलाचे शिक्षण आपण राहतो त्याच इंग्लंडमध्ये सुरू झाले. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. आपल्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. पुढे १८६० साली पॅरिसमध्ये ते इंजिनियर झाले व रेल्वेत नोकरीला लागले. पण तिसऱ्या नेपोलियनची राजवट न पटल्याने वडिलांसारखेच त्यांनीही देश सोडला आणि ब्रसेल्स गाठले.

त्या काळच्या अनेक विद्युतघटांत जहाल आम्ले लागत. लेक्लांशे यांनी १८६६ साली निराळा घट केला. काचेच्या बरणीत नवसागराचे पाणी (आपल्याकडे कल्हईवाला वापरतो तोच नवसागर), त्यात जस्ताची कांडी, आणि मातीच्या सच्छिद्र भांड्यात कार्बनची पट्टी. या पट्टीवर हायड्रोजन साचला की वीज मंदावते. तो संपवायला त्यांनी पट्टीभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड ठासली. पण गंमत अशी, की ही पूड स्वतः विजेला नीट वाट देत नाही. म्हणून त्यांनी तिच्यात कोळशाची पूड मिसळली. खरी युक्ती आम्हांला हीच वाटते: काम ऑक्साइडचे, रस्ता कोळशाचा.

दोन वर्षांतच बेल्जियमच्या तारखात्याने हा घट स्वीकारला. मग विजेच्या घंटा आल्या, टेलिफोन आले. सतत वापरला तर हा घट दमे, विश्रांती मिळाली की पुन्हा ताजा होई.

१८८२ साली, अवघ्या ४२व्या वर्षी, लेक्लांशे वारले. त्यांच्या घटावरून जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी कोरडा सेल केला तो १८८६ साली. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आजच्या अल्कलाइन सेलमध्ये नवसागर नसतो, पण तीच काळी पूड कार्बनमध्ये कालवलेली असते. प्रयोगशाळांतून आता कोळशाऐवजी केसाहून हजारो पट बारीक कार्बनच्या नळ्या घालून पाहतात.

वर्गातला जुना सेल मात्र आम्ही फोडून दाखवणार नाही. आतला द्राव कातडी भाजतो!