कायाक आणि नान्सेन

थोर पुरुष केवळ विद्यापीठातच शिकतात असे नाही. नॉर्वेचे कीर्तिमान संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांचे चरित्र याची साक्ष देते.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी आजच्या ऑस्लो शहराजवळ झाला. १८८८ साली पाच सोबत्यांसह त्यांनी ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडले. परंतु स्वदेशी परतण्यास जहाज न मिळाल्याने सारा हिवाळा पश्चिम किनाऱ्यावर काढावा लागला. तो काळ त्यांनी वाया दवडला नाही. तेथील इनुइट लोकांचे शिष्यत्व पत्करून ते त्यांची कायाक चालविण्यास शिकले. लाकडी सांगाड्यावर सीलची कातडी ताणून शिवलेली ही अरुंद, हलकी होडी एका माणसापुरती असते. तिचे तोंड नावाड्याच्या कमरेभोवती बंद केले, की लाटांचे पाणी आत शिरत नाही. दोन्ही टोकांस पाती असलेल्या एकाच वल्ह्याने ती चालवितात.

पुढे १८९३ साली नान्सेन 'फ्राम' जहाजातून उत्तर ध्रुवाकडे निघाले. जहाज बर्फात अडकून वाहत असता, १४ मार्च १८९५ रोजी योहान्सेन या सोबत्यासह ते कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले. बरोबर दोन कायाक होत्या. सांगाडा बांबूचा, वर कातड्याऐवजी शिडाचे कापड, पण घडण इनुइटांचीच. ८६ अंश उत्तर अक्षांशापलीकडे जाऊन ते मागे वळले. पूर्वी इतक्या उत्तरेस कोणीही पोहोचल्याची नोंद नव्हती.

१२ जून १८९६ रोजी, फ्रान्झ योझेफ बेटांपाशी, एकत्र बांधलेल्या त्या कायाक दोर सुटून वाहत निघाल्या. अन्न, बंदुका, सर्वस्व त्यांतच होते! नान्सेन यांनी क्षणाचाही विलंब न लावता बर्फाळ पाण्यात उडी घेतली. अंग बधिर होत असता त्यांनी महत्प्रयासाने होड्या गाठल्या व त्या परत आणिल्या. पाचच दिवसांनी त्यांना इंग्रज संशोधक जॅक्सन भेटले आणि दोघांचेही प्राण वाचले.

निर्वासित व युद्धकैदी यांच्या सेवेबद्दल १९२२ साली नान्सेन यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. १३ मे १९३० रोजी ते निवर्तले.

ध्रुवप्रदेशांतून आणलेल्या कित्येक जुन्या कायाक आज युरोपातील संग्रहालयांत जतन केल्या आहेत. अभ्यासक त्यांची मापे घेतात, सांधे न्याहाळतात. त्या घडविणाऱ्या बहुतेक कारागिरांची नावे कोणास ठाऊक नाहीत. पण त्यांचे गुरुत्व नान्सेन यांनी मान्य केले होते. ज्याच्याजवळ विद्या आहे, त्याच्यापुढे नम्र व्हावे, मग तो कोणीही असो, हाच या चरित्राचा बोध होय.