श्वासाचे मोजमाप करणारे स्वामी कुवलयानंद

सुरतेहून ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गाने खानदेशाकडे निघाले म्हणजे नंदुरबार, दोंडाईचे मागे टाकीत गाडी अंमळनेरास येते. सुटीत आजोळी जाणारे आमचे कित्येक विद्यार्थी या स्थानकावर उतरत असतील. याच गावी, शंभर वर्षांपूर्वी, खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कार्यात एक तरुण शिक्षक गढून गेले होते. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढे तेच स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आले.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. घरची स्थिती गरिबीची होती. परंतु १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकाविली. १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांचे शरीर घडले. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींची भेट झाली आणि त्यांना योगविद्येची दीक्षा मिळाली.

गुरूंवर त्यांची अढळ श्रद्धा होती. तरीही या क्रियांच्या वेळी देहात प्रत्यक्ष काय घडते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली. श्वास पुरता सोडून, नवा श्वास न घेताच छाती फुगविली की श्वासपटल वर ओढले जाते व पोट खोल जाते; हे उड्डियान होय. नौली करणारे हठयोगी पाण्यात बसून गुदद्वाराने पाणी आत ओढून घेतात, याचे लोकांना मोठे नवल वाटे. स्वामींनी मोठ्या आतड्यातील दाब मोजला. नौलीच्या वेळी तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आपण होऊन आत शिरते, असे आढळले. चमत्काराचे कारण सापडले, आणि त्या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचेच नाव दिले! याहून निराळी गुरुदक्षिणा आमच्या तरी ऐकिवात नाही.

१९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. तेथे प्राणायामाचीही परीक्षा झाली. प्राणायामाने शरीरास पुष्कळ जादा प्राणवायू मिळतो, ही समजूत सार्वत्रिक आहे; कवायतीच्या तासाला आम्हीही मुलांना तसे सांगत आलो. आत घेतलेल्या व बाहेर टाकलेल्या वायूंचे पृथक्करण झाले तेव्हा या समजुतीस आधार मिळाला नाही. ज्या विद्येला आयुष्य वाहिले तिच्या कौतुकाला बाध आणणारा हा निष्कर्ष दडपून ठेवणे सोपे होते. स्वामींनी तो छापला. प्राणायामाचे खरे मोल शरीरांतर्गत दाबांतील फेरबदलांत व मज्जासंस्थेच्या शिक्षणात आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले. हे प्रतिपादन सर्वस्वी सिद्ध झाले आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

श्वास आणि मज्जासंस्था यांचे नाते किती निकटचे आहे, हे मानेला जबर इजा झालेल्या रोग्याकडे पाहून कळते. श्वासपटल हलविणारा मज्जातंतू मानेतील मज्जारज्जूच्या तिसऱ्या ते पाचव्या भागांतून निघतो. त्याच्या वरच्या बाजूस रज्जू तुटला तर फुप्फुसे धडधाकट असूनही श्वास थांबतो. अशा काही रोग्यांचे श्वासपटल आता विजेच्या सौम्य स्पंदनांनी हलविता येते, आणि त्याची हालचाल पडद्यावर पाहता येते. स्वामींच्या हाती यांतले काही नव्हते, आणि त्यांचे प्रयोगही निरोगी माणसांवरचे होते. परंतु श्वासपटलाच्या हालचालीचा देहाच्या आत काय परिणाम होतो, हे पाहण्याची खटपट त्यांनी एका संस्थानी इस्पितळात, शिक्षकाचा पेशा सांभाळून केली होती.

१८ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले. अंमळनेरची गाडी आजही उधन्यावरून जाते. पुढच्या सुटीत त्या स्थानकावर उतराल तेव्हा गुणे मास्तरांची आठवण अवश्य करा.